उडते टेम्पो?

सध्या एक मजकूर जिकडेतिकडे फिरतोय. त्याचं म्हणणं असं: हवाई दलाचा लढाईचा इतिहास म्हणजे फायटर स्क्वाड्रनचा इतिहास. हेलिकॉप्टर युनिटं म्हणजे उडते टेम्पो. २०१९ मध्ये अपाचे ही हल्ल्याची हेलिकॉप्टरं आली तेव्हा कुठे त्यांच्या हाती शस्त्र आलं. पूर-बचाव सोडला तर त्यांच्याकडे सांगण्यासारखं काही नाही.

शस्त्राचं आधी उरकतो. पठाणकोटला ज्या १२५ क्रमांकाच्या स्क्वाड्रनला अपाचे मिळाली, ती १९८३ पासून मी-२५ ही हल्ल्यासाठीचीच हेलिकॉप्टरं उडवत होती. श्रीलंकेतल्या मोहिमेत ती वापरलीही गेली. पुढे मी-३५ आली. यंत्र नवं, घराणं जुनं. आणि मालवाहू म्हणून हिणवलेली मी-१७? कारगिल युद्धात, २८ मे १९९९ ला, तोलोलिंग शिखरावर रॉकेट हल्ल्याला गेलेलं एक हेलिकॉप्टर खांद्यावरून डागलेल्या क्षेपणास्त्राने पाडलं, आतले चौघेही गेले. त्यानंतर मी-१७ना या कामातून काढलं.

आता ‘टेम्पो’. बहुतेक उड्डाणं ने-आण करण्याचीच असतात, हे कबूल. पण कुठून कुठे, तेही बघा. डिसेंबर १९७१ च्या युद्धात, आजच्या बांगलादेशात, मेघना नदीवरचा आशुगंजचा पूल पाकिस्तानी सैन्याने उडवून दिला होता. भारतीय लष्कराच्या चौथ्या कोअरचे सेनापती सगत सिंग अलीकडच्या काठावर, ढाक्याची वाट पलीकडे. ९ तारखेपासून ब्राह्मणबारियाहून मी-४ नदीपार जाऊ लागली. हेलिकॉप्टरं जेमतेम चौदा. रात्री अनोळखी शेतात उतरायचं, खाली उजेड जवानांच्या हातातल्या टॉर्चचा. आधी रायपुरा, मग नरसिंगदी. (अख्खी ब्रिगेड एका रात्रीत नेली, असं आपल्याच बाजूचे उत्साही लोक सांगतात. तेही चूक. काही दिवस आणि शंभरावर फेऱ्या लागल्या.) पूल नसताना सैन्य ढाक्याच्या दिशेने सरकलं ते या फेऱ्यांमुळे. याला भाडं मारणं म्हणायचं असेल तर म्हणा.

‘पूर-बचाव सोडला तर’ हेही फार सहज लिहिलंय. जून २०१३ मध्ये उत्तराखंडात बचावकार्यावरचं एक मी-१७ कोसळून वीस जण गेले.

राहिलं सियाचीन, ज्याचा त्या मजकुरात उल्लेखच नाही. हवाई दलाचं चेतक त्या हिमनदीवर ऑक्टोबर १९७८ मध्येच उतरलं होतं. सियाचीन ताब्यात घेण्याची मोहीम, ऑपरेशन मेघदूत, एप्रिल १९८४ ची. पुढे लेहच्या ११४ क्रमांकाच्या युनिटची, ‘सियाचीन पायोनिअर्स’ची, चीता हेलिकॉप्टरं वर्षानुवर्षं तिथल्या चौक्या जगवत आली. सर्वांत उंच चौक्यांवर हवा इतकी विरळ की एका खेपेत रॉकेलचा एखादा जेरीकॅन जातो. पंखा फिरताच ठेवायचा, डबा उतरवायचा, निघायचं. टेम्पोवाला निघण्याआधी टाकी भरून घेतो. इथे वैमानिक स्वतःचं इंधनही मोजून घेतो, कारण ते जेवढं जास्त, तेवढं वरच्यांचं रॉकेल कमी.