प्रायोगिक तत्त्वावर म्हणे!

सोलापूरच्या नवी पेठेत पुन्हा दोरी बांधली, नारंगी कोन ठेवले, फक्कीने पट्टे मारले. पायी चालणाऱ्यांसाठी. कडेला सायकलींना जागा. सगळं ‘प्रायोगिक तत्त्वावर’. हे ऐकलं की डोकंच फिरतं. पुढचं पाठ झालंय आता: पहिल्या दिवशी फोटो, दुसऱ्या दिवशी पट्ट्यात बुलेट उभी, आणि आठवड्याच्या आत कोन कुणाच्या तरी दुकानापुढे पार्किंग राखायला.

अहो, करून बघणं चांगलंच आहे. सिमेंट ओतायच्या आधी रंग आणि कुंड्या मांडायच्या, चुकलं तर हलवायच्या. न्यूयॉर्कनं २००९ साली टाइम्स स्क्वेअरमध्ये ब्रॉडवेवरच्या गाड्या बंद करून चक्क घडीच्या खुर्च्या टाकल्या होत्या. पण त्यांनी मोजलं! जखमी किती, गाड्यांचा वेग किती. मग २०१० मध्ये ते कायम केलं.

आपल्याकडं कोण मोजतंय बे? दुकानदार म्हणतो गिऱ्हाईक तुटलं, रिक्षावाला म्हणतो वळसा पडतो, की गुंडाळा दोरी. त्यात मुहूर्त मे महिन्याचा. सोलापूरच्या उन्हात, वर एक कापड न ताणता! आणि वर निष्कर्ष काय, तर ‘लोक चालतच नाहीत’.

चालत नाहीत? संक्रांतीला सिद्धेश्वर यात्रेच्या मिरवणुकीत नंदीध्वज निघतात तेव्हा हेच शहर रस्ते बंद करतं, वाहनं वळवतं, आणि अख्खं गाव पायी असतं. तेव्हा बरं कुणाला वळसा पडत नाही!