हात वर करायची योग्य पद्धत

तर समजा तुम्हाला भर सभेत हिटलरच्या नाझींसारखा उजवा हात ताठ करून वर न्यायची हुक्की आलीच (आजकाल बऱ्याच जणांना येते, तुम्ही एकटे नाही), तर घाबरू नका. हात वर करायला अक्कल लागत नाही. अक्कल लागते ती नंतर, कोणीतरी व्हिडिओ टाकतो आणि फोन वाजायला लागतात तेव्हा. पुढचे सल्ले त्या नंतरच्या भागासाठी आहेत.

मूळ तत्त्व एवढंच, की ज्याला कळायला हवं त्याला जागच्या जागी कळलं पाहिजे आणि जो जाब विचारेल त्याला जन्मात कळता कामा नये. म्हणजे तुमच्या लोकांनी शिट्ट्या मारायच्या, ज्यांचे आजी-आजोबा मालगाडीत कोंबून छळछावण्यांत नेलेले त्यांच्या पोटात गोळा यायचा, आणि तुम्ही मात्र साळसूद चेहऱ्याने म्हणायचं की अहो मी तर मागच्या ओळीतल्या मित्राला हात केला. आधी एक हात वर, मग दोन्ही हात वर.

कारणं आधीच पाठ करून ठेवा, ऐनवेळी सुचत नाहीत. खांदा आखडला हे फार जुनं झालं, कोणी विश्वास ठेवत नाही. मित्राला हात केला हे चालतं, पण मित्र खरंच तिथे असावा लागतो. "जोक होता" हे सदाबहार, कारण मग दोष तुमचा राहतच नाही, समोरच्याला विनोदबुद्धी नाही हा त्याचाच दोष होतो. 20 जानेवारी 2025 ला वॉशिंग्टनच्या सभेत इलॉन मस्कने छातीवर हात ठेवून झटक्यात पुढे वर नेला, मग मागे वळून परत एकदा, आणि वर प्रेक्षकांना माझं काळीज तुमच्यापाशी आहे अशा अर्थाचं काहीतरी म्हणाला. जगभर दोन तट पडले. ज्यूद्वेषावर लक्ष ठेवणाऱ्या अँटी डिफेमेशन लीगनेच ती उत्साहाच्या भरातली अवघडलेली हालचाल म्हणून सोडून दिली. त्याच्या मनात काय होतं ते त्याला माहीत, मी त्यात पडत नाही. तुम्ही एवढंच बघा की लोक हाताचा अँगल मोजत बसले की बाकी कोणी काही विचारत नाही.

आता जागेचं. जर्मनीत शक्यतो हात खिशात ठेवा. तिथल्या दंडसंहितेचं कलम 86अ असं आहे की बंदी घातलेल्या संघटनांचे झेंडे, बिल्ले, गणवेश, घोषणा आणि सलाम सगळं एकाच पोत्यात, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड. 2017 मध्ये बर्लिनच्या संसदेसमोर दोन चिनी पर्यटक असला सलाम करून एकमेकांचे फोटो काढत होते, पोलिसांनी उचललं, प्रत्येकी 500 युरो जामीन भरून सुटले. त्यांची चूक काय तर तयारी नव्हती.

तयारी म्हणजे काय ते ब्यॉर्न ह्योकेंकडून शिका. जर्मनीतल्या अतिउजव्या एएफडी पक्षाचे थुरिंगिया राज्यातले पुढारी. हिटलरच्या एसए टोळीची "सगळं जर्मनीसाठी" ही घोषणा भाषणात दिली, कोर्टात म्हणाले की ही त्यांची आहे हे मला ठाऊकच नव्हतं. आणि हे गृहस्थ राजकारणात यायच्या आधी शाळेत काय शिकवायचे, तर इतिहास! कोर्टाने मे 2024 मध्ये 13,000 युरो दंड ठोकला. पण खरी कला पुढे आहे. तो खटला उभा राहायच्या आधीच, डिसेंबर 2023 मध्ये, गेरा गावातल्या सभेत ते नुसतं "सगळं..." एवढंच म्हणून थांबले आणि उरलेलं पब्लिकने पूर्ण केलं. मी कुठे काय बोललो, लोक बोलले. दुर्दैवाने न्यायाधीशांना गाळलेल्या जागा भरता येत होत्या, त्यामुळे त्याचेही 16,900 युरो गेले. तरी प्रयत्न म्हणून पैकीच्या पैकी मार्क.

एवढं धाडस नसेल तर आकडे वापरा. 88 लिहा, इंग्रजी वर्णमालेतलं आठवं अक्षर H दोनदा, म्हणजे "हाइल हिटलर", ज्याला समजायचं त्याला समजतं आणि बाकीच्यांना सांगायचं की काकांचं जन्मवर्ष आहे. मजा म्हणजे तुम्ही असं करत राहिलात की नॉर्मल लोक इतके धास्तावतात की त्यांना सगळीकडे तेच दिसायला लागतं. एप्रिल 2024 मध्ये आदिदासने जर्मन फुटबॉल टीमच्या टीशर्टवर 44 नंबर छापून द्यायचं बंद केलं, का तर त्या फॉन्टमधले 4 चे दोन आकडे शेजारी शेजारी आले की हिटलरच्या एसएस दलाच्या खुणेसारखे दिसायचे. तुम्ही बोटही न उचलता एक अख्खा नंबर पळवला.

आणि कायदा आपला शत्रू आहे असं मुळीच समजू नका. कधीकधी तो इतका उपयोगी पडतो की विचारू नका. जर्मनीतच एका दुकानदाराने नाझी चिन्हावर लाल काट मारलेले, चिन्ह कचऱ्यात फेकणारे असे बिल्ले आणि टीशर्ट विकले, म्हणजे सरळसरळ नाझीविरोधी माल, तर 2006 मध्ये खालच्या कोर्टाने त्यालाच दोषी धरलं. चिन्ह ते चिन्ह. 2007 मध्ये वरच्या कोर्टाने सोडवलं म्हणा, पण तोवर तुमची किती करमणूक झाली असेल. एका व्हिडिओ गेमच्या 2017 च्या जर्मन आवृत्तीत तर हिटलरची मिशीच उडवली होती, नावही बदललं, म्हणजे हुकूमशाह चालेल पण मिशी नको! पुढच्याच वर्षी गेम तपासणाऱ्या मंडळाने नियम सैल केला. बंदी घालणाऱ्यांना हे कळत नाही की यादी छापली की यादीत नसलेलं सगळं तुम्हाला आंदण मिळतं.

जर्मनी जमत नसेल तर बाजूला सरका. स्वित्झर्लंडच्या सर्वोच्च कोर्टाने 2014 मध्ये ठरवलं की तो सलाम नुसता स्वतःची मतं दाखवायला केला तर गुन्हा नाही, दुसऱ्यांमध्ये प्रचार करायला केला तर गुन्हा. म्हणजे हात वर करताना चेहऱ्यावर "मी आपला माझ्यापुरता करतोय" असा भाव ठेवायचा. इटलीत जानेवारी 2024 च्या निकालानुसार श्रद्धांजलीच्या कार्यक्रमात शेकडो लोकांनी एकत्र केला तरी आपोआप गुन्हा होत नाही, शांतता बिघडायचा किंवा फॅसिस्ट पक्ष परत उभा राहायचा धोका दिसला पाहिजे. मेलेल्यांची आठवण काढा, जिवंतांना धाकात ठेवा.

अमेरिकेत मात्र आपल्या कलेची गरजच पडत नाही, म्हणून ती मला थोडी बेचव वाटते. तिथे 1969 पासून नियम असा की तात्काळ हिंसा भडकवत नसाल तर काय वाटेल ते बोला. 1977 मध्ये शिकागोजवळच्या स्कोकी गावात, जिथे छळछावण्यांतून वाचलेले कितीतरी लोक राहत होते, तिथे नाझींना मोर्चा काढायचा होता, आणि त्यांची केस लढवली नागरी स्वातंत्र्याच्या संघटनेच्या ज्यू वकिलाने. संघटनेचे हजारो सभासद सोडून गेले तरी लढवली. हे असले तत्त्वाचे वेडे लोक तुमच्या काय कामाचे, ते उद्या तुमच्या विरोधकांसाठीही तेवढंच लढतील. आणि ते मोर्चेवाले तरी कसले, आम्ही नाझी आहोत म्हणून उघड सांगत होते! काही स्टाइलच नाही.

तत्त्व वगैरे असलंच तर ते घडीचं ठेवा. 20 जानेवारी 2025 ला ट्रम्प यांनी अभिव्यक्ती स्वातंत्र्य परत आणायचा हुकूम काढला, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये झेंडा जाळणाऱ्यांवर खटले भरायचा, जेव्हा की 1989 मध्येच सुप्रीम कोर्टाने झेंडा जाळणं ही अभिव्यक्ती आहे असं सांगून ठेवलंय. बघा, एकाच पेनाने दोन्ही होतं. तुमचा हात म्हणजे अभिव्यक्ती, त्यांची काडीपेटी म्हणजे द्वेष.

तेव्हा समोरच्याच्या छातीवर काय लावलंय तेही बघत चला. हंगेरीत एका डाव्या नेत्याने 2003 मध्ये कोटाला कम्युनिस्टांचा लाल तारा लावला म्हणून तो दोषी ठरला, 2008 मध्ये युरोपच्या मानवी हक्क कोर्टाने ते चुकीचं ठरवलं, तरी 2017 मध्ये तिथल्या सरकारने असली चिन्हं धंद्यात वापरायला बंदी आणायची टूम काढली आणि एका बियर कंपनीच्या बाटलीवरचा लाल तारा धोक्यात आला. तुम्हीही तेच करा. स्वतःचा वकील जामिनाची कागदपत्रं करत असेल तेव्हाच दुसऱ्या वकिलाकडून समोरच्याच्या टोपीवर, बिल्ल्यावर, सापडलाच तर बाटलीवर तक्रार टाका. भावना दुखावल्या एवढंच लिहा, कोणत्या ते पोलिस विचारत नाहीत.