प्रागच्या घड्याळाचा 'आंधळा कारागीर'

चेकियाच्या राजधानीतल्या, म्हणजे प्रागच्या, जुन्या खगोल-घड्याळाचा फॉरवर्ड पुन्हा फिरायला लागलाय. घरच्या ग्रुपवर तर या महिन्यात दोनदा आला. मजकूर थोडक्यात असा: हनुश नावाच्या कारागिराने 1490 मध्ये हे घड्याळ बनवलं, दुसरं बनवू नये म्हणून राजाने त्याचे डोळे फोडले, त्याने यंत्रात हात घालून सूड घेतला. घड्याळ थांबलं की देशावर संकट येतं. 600 वर्षांत त्यातला एक खिळाही बदललेला नाही. आणि ते वेळ चुकीची दाखवतं, म्हणून नुसत्या बाहुल्या बघून निघा.

आधी डोळे. घड्याळ 1490 चं नाहीच. 9 ऑक्टोबर 1410 च्या दस्तात कर्त्याचं नाव स्वच्छ आहे: कादान गावचा मिकुलाश. आकाशाचं गणित यान शिंडेल या खगोलज्ञाचं मानलं जातं. हनुश नंतरचा, डागडुजी करणारा. 16व्या शतकात घड्याळाची देखभाल करणाऱ्या ताबोर्स्कीने त्यालाच कर्ता ठरवलं आणि ती चूक चारेकशे वर्षं चालली. डोळे फोडल्याची गोष्ट यिरासेक या चेक लेखकाच्या 1894 च्या दंतकथासंग्रहामुळे घरोघरी पोचली, आणि तिथेही खलनायक राजा नाही, नगरपालिकेचे सभासद आहेत. मॉस्कोच्या सेंट बेसिल चर्चबद्दल हेच सांगतात. आपल्याकडे ताजमहालाच्या कारागिरांचे हात तोडतात. गोष्ट एकच, गाव बदलतं.

संकटाचं म्हणाल, तर मे 1945 मध्ये शहरात उठाव पेटला होता, घड्याळ ज्याच्या भिंतीवर आहे तो जुना टाऊन हॉल जर्मन तोफांनी जाळला, म्हणून घड्याळ बंद पडलं. आधी संकट, मग घड्याळ. 2018 मध्ये दुरुस्तीसाठी ते कित्येक महिने थांबवलं होतं, तेव्हा देशाचं काही बिघडल्याचं ऐकलं नाही.

खिळ्याचा दावा तर एका फेरीत निकालात निघतो. खिडक्यांतून फिरणारे लाकडी प्रेषित, म्हणजे ख्रिस्ती संतांच्या बाहुल्या, 1945 च्या आगीनंतर नव्याने कोरलेले, 1948 चे. खालची दिनदर्शिकेची तबकडी मानेस या चित्रकाराच्या 1866 च्या चित्रांची नक्कल. जुनं आहे ते आत: 365, 366 आणि 379 दात्यांची तीन मोठी चाकं. एकाच आसाने ती तिन्ही फिरतात आणि दात्यांच्या त्या जराशा फरकामुळे राशी, सूर्य आणि चंद्र आपापल्या गतीने मागेपुढे सरकतात. मला विचाराल तर सगळी कमाल इथे आहे, पण याचा फॉरवर्ड कोण करणार?

आता 'चुकीची वेळ'. वरची तबकडी एकाच वेळी अनेक हिशेब दाखवते, हे माहीत नसलं की ती चुकलेली वाटते. सोनेरी हात, म्हणजे काटा, रोमन आकड्यांवर आपली ओळखीची वेळ दाखवतो. बाहेरच्या काळ्या कड्यावर जुन्या बोहेमियाची (आताच्या चेकियातला प्रदेश) वेळ असते. त्यांचा दिवस सूर्यास्ताला संपायचा, म्हणून सूर्य मावळताना हात 24 वर यायला हवा, आणि त्यासाठी ते कडं वर्षभर थोडंथोडं सरकतं. आपल्या घटका सूर्योदयापासून मोजायच्या, यांचे तास सूर्यास्तापासून. शिवाय राशीचक्र आणि अर्धा रुपेरी, अर्धा काळा चंद्राचा गोळा, जो कला दाखवत स्वतःभोवती वळतो. थोडक्यात, भिंतीवर टांगलेलं पंचांगच. मात्र राशी सायन, म्हणजे पाश्चात्त्य पद्धतीच्या आहेत. तिथे सूर्य मेषेत 21 मार्चच्या सुमारास जातो, आपल्या पंचांगात 14 एप्रिलच्या आसपास. पत्रिका काढायला बसू नका.

बाहुल्याही बघाच. तास होताना सांगाडा दोरी ओढून घंटा वाजवतो आणि मान डोलावतो. शेजारचा तुर्क, आरसेवाला आणि थैलीवाला कंजूष नाही-नाही म्हणतात. गर्दी तेवढ्यासाठी मोबाइल वर धरून उभी असते आणि खिडक्या मिटल्या की पांगते. तेव्हा पुढे सरका, तबकडी निवांत बघायला मिळते. मनोऱ्यावर जायला लिफ्ट आहे, गुडघे दुखणाऱ्यांनाही सोबत न्या. आणि टाऊन हॉलच्या प्रार्थनागृहातून ते प्रेषित आतल्या बाजूने, अगदी जवळून दिसतात.