टोकदार गोळी आणि लिव्हर-अ‍ॅक्शन: दावा अर्धाच खरा

‘लिव्हर-अ‍ॅक्शनमध्ये टोकदार गोळी कधीच चालत नाही’ असं सांगितलं जातं. (लिव्हर-अ‍ॅक्शन म्हणजे ट्रिगरजवळचा दांडा खाली-वर करून काडतूस भरायची रायफल.) सरसकट खरं नाही. विंचेस्टर ९४, मार्लिन ३३६ या रायफलींचं मॅगझिन (काडतुसं साठवायची जागा) नळीचं. काडतुसं एकामागे एक, मागच्याचं टोक पुढच्याच्या प्रायमरला (बुडाची, ठोका बसताच पेटणारी टोपी) टेकलेलं. धक्क्याने कडक टोक तिथे आदळलं तर नळीतच बार उडू शकतो. म्हणून .३०-३० या काडतुसात चपट्या टोकाची, १५० किंवा १७० ग्रेन वजनाची गोळी. हॉर्नडी कंपनीची मऊ टोकाची टोकदार गोळी मात्र चालते. विंचेस्टर १८९५ ला पेटी-मॅगझिन, जुन्या सॅव्हेज ९९ ला फिरतं मॅगझिन; दोन्हींत टोक प्रायमरला टेकत नाही. तिथे हा प्रश्नच नाही.

गंमत म्हणून डबे नेम धरून पाडायला .३५७ मॅग्नमच्या रायफलीत स्वस्त, आखूड .३८ स्पेशल काडतूस चालतं (.३८ च्या बंदुकीत .३५७ कधीच नाही!). नंतर चेंबर (काडतूस बसतं ती जागा) घासा, नाहीतर काजळीच्या कड्यात .३५७ चं लांब काडतूस अडकतं.