हुरडा कसा काय राहिला?

थंडीतल्या सुखांवरचा एक लेख वाचला. त्यात रजई आली, आल्याचा चहा आला, कोवळं ऊन आलं, पण हुरड्याचं नाव नाही! आमच्या सोलापूर भागात डिसेंबर सरता सरता रब्बी ज्वारीचा दाणा हिरवा-कोवळा भरला की बांधाला आगटी पेटते. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात खुपसलेलं कणीस बाहेर काढून चटके सोसत तळहातावर चोळायचं, हे येरागबाळ्याचं काम नाही. आपण आयते बसून जवसाच्या चटणीबरोबर मुठी भरतो. हुरड्याच्या ज्वारीचं गुळभेंडी हे गोड वाण असेल तर गूळही नको. हल्ली हुरडा पार्टीत डीजेही असतो म्हणे, असो. आभार मानायचेच तर त्या भाजणाऱ्याचे माना. तो बिचारा शेवटी खायला बसतो, तोवर दही संपलेलं असतं.