देव न मानणाऱ्याची पंगत

गेल्या महिन्यात आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एका पुतण्याने लिहिले की, नास्तिक होणे हे पोट भरलेल्यांचे काम आहे. नापिकी झाली, बोंडअळी आली, घरातले माणूस अंथरुणाला खिळले की हाक मारायला कोणीतरी लागतेच. पुण्यात शिकणाऱ्या भाचीने त्याला उत्तर दिले की, श्रद्धा हे भीतीचेच दुसरे नाव आहे आणि भीती गेली की देवाची गरज उरत नाही. दोन दिवस हा वाद चालला आणि मग दोघांनीही माझ्याकडे कौल मागितला. माझे गाव यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यात आहे, अठरा वर्षांपासून मी नॉर्वेतील स्टावांगर शहरात राहतो आणि कॉलेजच्या दिवसांपासून देव मानत नाही. देव आहे की नाही, हा प्रश्न मी इथे बाजूला ठेवतो. मानल्याने आणि न मानल्याने एका माणसाच्या पदरात काय पडते, एवढेच मला माझ्या अनुभवातून सांगता येईल.

2019 च्या पावसाळ्यात वडिलांना हृदयविकाराचा झटका आला. मी नागपूरच्या रुग्णालयात पोहोचलो तेव्हा आई अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर गजानन महाराजांची पोथी वाचत बसली होती. चष्म्याची एक काडी तुटलेली असल्याने तिने तिथे दोरा बांधला होता, आणि उजव्या हाताची तर्जनी ती एकेका ओळीखालून सरकवत होती. पोथीचे 21 अध्याय संपले की ती पाणी पिऊन पुन्हा पहिल्यापासून सुरू करी. मी मात्र त्याच बाकावर हातात फोन घेऊन, डॉक्टरांनी सांगितलेले आकडे पुन्हा पुन्हा पाहत होतो. त्या पाच दिवसांत आई रात्री तीन-चार तास झोपली, मला झोप लागली नाही. जे आपल्या हातात नाही ते कोणाच्या तरी हाती सोपवून डोळे मिटण्याची सोय माझ्याकडे नव्हती. नास्तिक माणसाची ही उणीव खरी आहे आणि ती मान्य करण्यात मला कमीपणा वाटत नाही.

वडील गेले. अंत्यसंस्कार गावी झाले, आणि त्या रात्रीपासून तेरवीपर्यंत तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाची माणसे रोज संध्याकाळी आमच्या अंगणात येत राहिली. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचा जन्म आमच्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातला, यावलीचा. 1968 मध्ये ते गेले, तरी त्यांची सामुदायिक प्रार्थना आणि खंजेरी आमच्या भागातल्या गावांत अजून टिकून आहे. मी आत खोलीत बसून राहिलो, कारण जे मी मानत नाही ते ओठांनी म्हणणे मला वडिलांशी अप्रामाणिकपणाचे वाटत होते. तिसऱ्या दिवशी भजनी मंडळातले एक म्हातारे काका दारात येऊन म्हणाले, “देव मान का नोको मानू, थे तुह्यं तू पाह्य. पन आमच्यासंग बस.” मी जाऊन बसलो. एक शब्दही म्हटला नाही. त्यांचा गुडघा माझ्या गुडघ्याला लागलेला होता, खंजेरीचा ठेका सतरंजीतून अंगात उतरत होता, आणि वडील गेल्यानंतर मी पहिल्यांदा रडलो.

पण त्याच तेरवीत एका नातेवाईक बाईने आईला सांगितले की, बहिणीच्या जन्माच्या वेळी माहूरच्या रेणुकामातेला बोललेला नवस तुम्ही फेडला नाही, म्हणून हे झाले. पुढचे कित्येक आठवडे आईने जेवण अर्धे केले. दिवाळीनंतर एका रात्री फोनवर तिने मला विचारले, “तू तं देव मानत नाहीस न बाबू, मंग तूच सांग, माह्यानं झालं काय रे हे?” मी तिला सगळे क्रमाने सांगितले. बारा वर्षांचा मधुमेह, तीन बंद झालेल्या रक्तवाहिन्या, तालुक्याहून नागपूरला पोहोचेपर्यंत गेलेले चार तास, आणि अँजिओग्राफी होईपर्यंत झालेला उशीर. यात तुझा नवस कुठेच येत नाही, हे मी तिला छातीवर हात ठेवून सांगू शकलो, कारण माझा त्यावर काडीचाही विश्वास नव्हता. ज्या श्रद्धेने तिला रुग्णालयात झोप दिली तिनेच तिच्या डोक्यावर पतीच्या मरणाचा दोष ठेवला होता, आणि तो उतरवायला तिला देव न मानणारा मुलगा लागला. नास्तिकतेने मला काय दिले असे कोणी विचारले तर मी त्या रात्रीचा फोन सांगतो.

कारणे शोधण्याची ही सवय घरापुरती राहत नाही. 2017 मध्ये आमच्याच जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर मृत्युमुखी पडले. पीक डोक्याएवढे वाढलेले, पंपाचा जोर जास्त, तोंडाला मास्क नाही, दोन-तीन औषधे एकत्र मिसळलेली, ही सगळी कारणे माणसांनी निर्माण केलेली आणि माणसांना दूर करता येण्याजोगी होती. तरी गावात मी ऐकलेले पहिले वाक्य होते, “नशिबातच होतं त्याच्या.” हे वाक्य विधवेला सावरते हे मी पाहिले आहे. पण तेच वाक्य विक्रेत्याला, कंपनीला आणि अधिकाऱ्याला विचारायचे प्रश्नही गिळून टाकते. उलट बाजूही सांगितली पाहिजे: नशीब न मानणाऱ्या माणसाला स्वतःची चूक कोणावर ढकलता येत नाही. वडिलांना वर्षभर आधी तपासणीला का नेले नाही, हा प्रश्न मला अजून रात्री उठवतो आणि त्याला मी “त्याची मर्जी” असे उत्तर देऊ शकत नाही.

आता नॉर्वेचे सांगतो, कारण परदेशातले लोक देवावाचून सुखी आहेत, असा दाखला भाचीने दिला होता. जागतिक आनंद अहवालात 2017 मध्ये हा देश पहिला होता हे खरे, आणि चर्चमध्ये दर रविवारी जाणारे इथे थोडेच आहेत हेही खरे. पण इथला नास्तिक एकटा नाही, हे दुरून दिसत नाही. ह्युमन-एटिस्क फोरबुंड ही निधर्मी मानवतावाद्यांची संघटना 1956 पासून काम करते. नामकरण, लग्न आणि अंत्यविधी ती देवाचे नाव न घेता करून देते, आणि 1981 पासून धर्मसंस्थांप्रमाणेच तिलाही सदस्यसंख्येनुसार सरकारी अनुदान मिळते. पंधराव्या वर्षी मुलांना ख्रिस्ती दीक्षाविधी करायचा नसेल, तर नीतिविचार, चिकित्सक विचार आणि मानवी हक्क यांचा अभ्यासवर्ग करून त्यांचा निधर्मी समारंभ होतो. शिवाय उपचाराचा खर्च बव्हंशी सरकार उचलते, त्यामुळे देवाकडे मागायच्या गोष्टींची यादी मुळातच लहान असते.

2010 मध्ये चेयून लिम आणि रॉबर्ट पटनम या अभ्यासकांनी अमेरिकेतील पाहणीवरून दाखवले की, नियमित प्रार्थनेला जाणारे लोक अधिक समाधानी असतात ते मुख्यतः तिथे जोडलेल्या मैत्रीमुळे. एकट्याने केलेल्या भक्तीचा तसा परिणाम त्यांना आढळला नाही. हे वाचताना मला काकांचा गुडघा आठवला. पुतण्या ज्याला देवाचा आधार म्हणतो त्यातला बराच भाग अंगणात येऊन बसणाऱ्या माणसांचा आहे, आणि ती माणसे देवाच्या नावाने जमतात म्हणून श्रेय देवाला जाते.

नॉर्वेतली ती संघटना सुरू झाली ते 1956 हे साल मला एका कारणाने अस्वस्थ करते. त्याच वर्षी 14 ऑक्टोबरला नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माचा स्वीकार केला. त्या वेळच्या 22 प्रतिज्ञांत जुने देव नाकारलेले आहेत, श्राद्ध आणि पिंडदानही नाकारलेले आहे. सृष्टिकर्ता ईश्वर न मानणारा आणि तरी एकत्र वंदना करणारा, मयतीला धावून येणारा समाज माझ्या गावातच, रस्त्याच्या पलीकडे होता. आम्ही कुणब्यांची मुले त्या विहारात कधी गेलो नाही. देवाशिवाय माणसांनी एकमेकांना कसे धरून ठेवावे हे शिकायला मला सात हजार किलोमीटर यावे लागले, यात जातीचा वाटा आहे आणि माझाही.

म्हणून भाचीला माझे सांगणे आहे की, वाद जिंकून गावातला माणूस आपल्याकडे येणार नाही. माझ्या नास्तिकतेची मला फारशी किंमत मोजावी लागली नाही, कारण मी पुरुष आहे आणि परदेशात कमावतो. पण वटसावित्रीचा उपवास नाकारणाऱ्या सुनेला ती रोज स्वयंपाकघरात मोजावी लागते. तिच्या घरी उद्या दुःख आले तर आपल्यापैकी कोण तेरा दिवस जाऊन बसणार, हे आधी ठरले पाहिजे. पुतण्याला एवढेच विचारतो, आजीचा दोष उतरवायला गटावरचे कोणी का पुढे आले नाही?

येत्या मे महिन्यात माझ्या मुलीचा तो निधर्मी समारंभ आहे. आईला फोनवर सगळे समजावून सांगितले. देव नाही, गाणी आहेत, भाषणे आहेत, नंतर घरी जेवण आहे. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “जेवाले किती मानसं?” मी मोजून चौदा सांगितली. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, “चौदाच?”