जो ऑर्टन: आधी नाटकं, मग खून

ब्रिटिश नाटककार जो ऑर्टनचं नाव निघालं की पाच मिनिटांत गाडी हातोडीवर येते. ९ ऑगस्ट १९६७, लंडनच्या इज्लिंग्टनमधली नोएल रोडवरची छोटी खोली, झोपलेल्या ऑर्टनवर जोडीदार केनेथ हॅलिवेलने घातलेले घाव आणि मग स्वतः गिळलेल्या गोळ्या. ऑर्टन तेव्हा ३४ वर्षांचा. जॉन लार यांनी त्याचं उत्तम चरित्र लिहिलं, १९८७ मध्ये त्यावर सिनेमा आला, त्यात गॅरी ओल्डमन झकास. पण तेव्हापासून नाटककार मागे पडला आणि खुनाची केस पुढे आली. मला याचा मनापासून वैताग येतो.

कारण हा माणूस भयंकर विनोदी होता. लेस्टरच्या कामगारवस्तीतला, बाप नगरपालिकेच्या बागेत माळी. लंडनच्या राडा नाट्यशाळेत हॅलिवेल भेटला. दोघांनी मिळून लिहिलेल्या कादंबऱ्या कोणी छापेना, तेव्हा त्यांनी सार्वजनिक वाचनालयाची पुस्तकं आणून 'सजवायला' सुरुवात केली. गुलाबांच्या पुस्तकावर माकडाचं तोंड चिकटवलं, सभ्य रहस्यकथांच्या वेष्टनाच्या आतल्या घडीवर अचकट विचकट मजकूर टाइप केला. मग पुस्तकं गुपचूप फळीवर परत, आणि हे दोघे बाजूला उभे राहून वाचकांचे चेहरे बघत. १९६२ मध्ये पकडले गेले, सहा महिन्यांची शिक्षा झाली. आज तीच मुखपृष्ठं इज्लिंग्टनने स्थानिक इतिहासाचा ठेवा म्हणून जपली आहेत. याला म्हणतात सूड!

१९६४ मध्ये 'एंटरटेनिंग मिस्टर स्लोन' आलं. घरात भाड्याने राहायला आलेला देखणा खुनी पोरगा, आणि त्याला सहा-सहा महिने वाटून घेणारे बहीण-भाऊ. टीकाकार हबकले. टेरेन्स रॅटिगनसारखा प्रस्थापित, सोज्वळ नाटककार मात्र याच्या मागे पैसे घेऊन उभा राहिला. ऑर्टनने काय करावं? एडना वेल्थॉर्प नावाची सात्त्विक बाई पैदा केली आणि तिच्या नावाने स्वतःच्याच नाटकाचा निषेध करणारी पत्रं वर्तमानपत्राला पाठवली.

'लूट' १९६५ च्या दौऱ्यात साफ आपटलं. पुढच्या वर्षी नव्या संचात उभं राहिलं आणि 'इव्हनिंग स्टँडर्ड' या लंडनच्या वर्तमानपत्राचं पारितोषिक घेऊन गेलं. शवपेटीत चोरीचा पैसा, कपाटात आईचं प्रेत, यावर 'अभिरुचीहीन' म्हणून ओरड झाली. पण प्रेताकडे बघणाऱ्यांचं ट्रस्कॉटकडे बघायचं राहून गेलं. पाणीखात्याचा माणूस म्हणून घरात घुसणारा हा पोलीस इन्स्पेक्टर हसत-हसवत मारहाण करतो, लाच घेतो आणि निरपराध माणसाला आत टाकतो. १९६३ मध्ये लंडनच्या चॅलनर नावाच्या पोलीस सार्जंटने निदर्शकांच्या खिशात विटांचे तुकडे घालून खोट्या केसेस केल्या होत्या, ट्रस्कॉट बेतलाय तो त्याच्यावर. शिवाय ही नाटकं लिहिली गेली तेव्हा ऑर्टनसारख्या पुरुषाचं प्रेम गुन्हा होतं. इंग्लंडचा कायदा सैल झाला २७ जुलै १९६७ ला, खुनाच्या तेरा दिवस आधी. पोलिसांवरचा त्याचा राग हौशी नव्हता.

रोनाल्ड ब्रायडन या समीक्षकाने त्याला कल्याणकारी राज्याच्या सभ्यपणाचा ऑस्कर वाइल्ड म्हटलं. उपमा गाजली, मला अर्धीच पटते. आपण चुरचुरीत बोलतोय हे वाइल्डच्या पात्रांना पक्कं ठाऊक असतं. ऑर्टनची माणसं मात्र सरकारी अर्जाच्या भाषेत घोर गोष्टी बोलतात आणि स्वतःला कमालीची सभ्य समजतात.

त्याला हुतात्मा करणाऱ्यांशीही माझं जमत नाही. डायऱ्यांमध्ये मोरोक्कोतल्या टँजिअर शहरातल्या किशोरवयीन मुलांशी पैसे देऊन ठेवलेल्या संबंधांच्या नोंदी आहेत. 'तो काळच वेगळा' म्हणून त्या झटकता येणार नाहीत, मी झटकत नाही. आणि हॅलिवेल हा फक्त मत्सरी खुनी नव्हता. साहित्य कसं वाचायचं, कसं लिहायचं हे ऑर्टन शिकला तो बऱ्याच अंशी त्याच्याच हाताखाली.

'व्हॉट द बटलर सॉ' त्याच्या मृत्यूनंतर, १९६९ मध्ये लंडनच्या वेस्ट एंड या नाट्यगृहांच्या भागात लागलं. आदल्याच वर्षी लॉर्ड चेंबरलेन या राजदरबारी अधिकाऱ्याची नाट्यसेन्सॉरशिप रद्द झाली होती (आपल्याकडे नाटकाची संहिता सरकारी परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवणं अजून चालूच आहे, असो). सेन्सॉर गेला तर गॅलरीतल्या प्रेक्षकांनीच हुर्यो उडवून ते काम केलं. १९७५ मध्ये दिग्दर्शक लिंडसे अँडरसनने लंडनच्या रॉयल कोर्ट नाट्यगृहात ते पुन्हा केलं आणि नाटकाची पत परत आली.

सुरुवात करणार असाल तर 'लूट'पासून करा, 'स्लोन' नंतर. चरित्र आणि सिनेमा सगळ्यात शेवटी.